बारा गाठी आणि एक मौन

शकूआजींनी श्रावणात मौन धरलं, त्याला घरात कुणाचीच हरकत नव्हती. सकाळी उठल्यापासून शाळेसमोरच्या पिंपळाला पाणी घालेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, एवढाच नेम. सून वर्षाराणी तर म्हणाली, "करा की आत्याबाई. सकाळच्या पारी कुणाला बोलायला सवड हाय?" पंचाईत वेगळीच झाली. त्याच श्रावणात कुरुळीतल्या बारा पोरांना पायी शाळेत न्यायचं काम आजींच्या अंगावर आलं.

आधी ही पोरं एकाच रिक्षातून जायची. दप्तरं बाहेर लोंबायची आणि पोरं आत कोंबलेली. शाळेच्या मोठ्या मॅडम, मोनिका मॅडम, पालकसभेत म्हणाल्या, "पंधरा मिनिटांची तर वाट आहे. चालू द्या त्यांना. बरोबर एक मोठं माणूस असलं की झालं." आयांना शिफ्ट, बापांना ओव्हरटाइम. मोठं आणि मोकळं माणूस एकच निघालं. पंधरा दिवस करून बघायचं ठरलं. "पण एक दिवस जरी उशीर झाला, किंवा वाटेत कुणाच्या गाडीत पोरं बसली," मॅडमनी बजावलं, "तर पालक पुन्हा रिक्षा लावतील. मग माझंही काही चालणार नाही."

आजींनी पिवळ्या दोरीला बारा गाठी मारल्या. एक गाठ, एक पोर. समोरची गाडी दिसावी म्हणून रांग रस्त्याच्या उजव्या कडेनं. आजींचा तळवा वर गेला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. पोरांना आजी फार आवडल्या. वाटभर एकदाही न ओरडणारं मोठं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. राहिलेला गृहपाठ, घरातली भांडणं, सगळं ती आजींना सांगायची आणि आजी नुसत्या डोक्यावरून हात फिरवायच्या. पाचवीतली दिव्या तर आजींची दुभाषी झाली. "आज्जी म्हणत्यात, नाडी बांध." आजींना खरंच तेच म्हणायचं असायचं. निदान पहिले काही दिवस. चौदाव्या दिवशी दिव्या म्हणाली, "आज्जी म्हणत्यात, चिंचेच्या गोळ्या घ्यायला हरकत न्हाई," तेव्हा आजी चमकल्या. पण बोलणार कशा?

पंधराव्या दिवशी, म्हणजे शेवटच्याच दिवशी, आजींनी नेहमीप्रमाणे चौकात तळवा वर केला. कंपनीची बस थांबली. रोजचा ड्रायव्हर रांग ओलांडू द्यायचा आणि जायचा. आज सनी नावाचा नवा पोरगा होता. त्यानं दारच उघडलं.

"या आजी, या! एवढ्याशा जिवांना चालवता व्हय? सोडतो शाळेपाशी."

आजींनी जोरात मान हलवली.

"लाजता काय आजी!" आतून कामगार ओरडले. "बस आपलीच हाय!"

आजींनी हात जोडले.

"आवो, आभार कसले मानता!"

आपल्याकडे पहिला नकार कुणी खरा धरत नाही, आणि दुसरा तर नाहीच. दोघं-तिघं उतरून प्रेमानं पोरांना उचलायला लागले. पहिलीतली इंद्रायणी तेवढी अडून बसली. "आधी आज्जीला विचारा."

दिव्यानं आजींच्या तोंडाकडे पाहिलं. मग खिडकीजवळच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. "आज्जी म्हणत्यात, आजच्या दिवस चालंल."

दोरीच्या बारा गाठी आत गेल्या आणि टोक आजींच्या हातात राहिलं. आजींनाही दोरीमागून चढावंच लागलं.

शाळेपुढे कडेला कंटेनर उभा होता, बस थांबवायला जागा नव्हती. "पुढनं वळवून आणतो," सनी म्हणाला. खिडकीतून शाळा गेली, पिंपळ गेला, फाटकात घड्याळ बघत उभ्या असलेल्या मोनिका मॅडमही मागे गेल्या. आत पोरांना चिक्की वाटणं चालू होतं.

"आजी, इथं उतरता की वळणावर?" सनीनं विचारलं.

"आज्जी म्हणत्यात," दिव्या म्हणाली, "कंपनीच बघू."

चाळीस वर्षांत आजींचा एकही नेम मोडला नव्हता. त्यांनी डोळे मिटून पिंपळाची क्षमा मागितली, आणि डोळे उघडून ओरडल्या, "थांबव!"

बस थांबली. चिक्की खाणारी तोंडंही थांबली.

"आजी, तुमाला बोलता येतं व्हय?" सनीनं कसंबसं विचारलं.

"येतं. आन् यांना चालता येतं."

सनीनं कान पकडले, चारही इंडिकेटर लावले आणि स्वतः रस्त्यात उभं राहून रांग पलीकडे सोडली. "पळायचं न्हाई," आजी म्हणाल्या, "भराभर चालायचं." बारावी गाठ फाटकात शिरली आणि घंटा झाली.

"वेळेत आलात. पण आज उलट्या बाजूनं कशा?" मॅडमनी विचारलं. दिव्यानं तोंड उघडलं. त्याआधी आजींनीच सगळं खरं सांगून टाकलं, मौन मोडल्याचंसुद्धा.

मॅडमनी दोरीवरची बारा पोरं मोजली. "बसलेली पोरं तुम्ही उतरवून चालत आणलीत. पालकांना मी हेच सांगते. सोमवारी या. आणि दिव्या, तू जरा माझ्याकडे ये."

सोमवारी आजी नेम मोडल्याच्या रुखरुखीतच घराबाहेर आल्या. दारात बारा पोरं उभी होती, ओठांवर बोट ठेवून. दिव्यानं कागद पुढे केला. 'नेम आमच्यामुळं मोडला. श्रावण संपेपर्यंत मौन आम्ही पाळणार. तुम्ही बोला.'

आजींना भरून आलं. पण चौकापर्यंत जाता जाता ती शांतता त्यांना सोसवेना. "काय गं इंद्रायणी, डब्यात काय हाय? दिव्या, मॅडम लई रागावल्या का? आरं, कुणीतरी बोला की!" बारा पोरांचे गाल फुगलेले आणि एकट्या आजी रस्ताभर बोलतायत. वाटेवरच्या ओट्यावर बसलेल्या शेजारीण यशोदाबाई बघतच राहिल्या. "शकू, पोरांना काय शिस्त लावलीस गं!"

पोरं शाळेत गेली. पटांगणावर मोनिका मॅडम सांगत होत्या, "आता दोन मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून अगदी शांत बसायचं." रस्त्याच्या अलीकडे आजींनी पिंपळाच्या मुळाशी तांब्या रिकामा केला. पाण्याचा शेवटचा थेंब पडला मात्र, कुंपणामागून बारा तोंडं एकदम उघडली, आणि सगळ्यांच्या वर इंद्रायणीचा आवाज होता.

"आज्जी, भेंडी! डब्यात भेंडी हाय!"