विज्ञानाचा पेपर होईपर्यंत

जन्म आणि मरण माणसाच्या हाती नसतं, असं जगात सगळीकडे मानतात. सिंगापुरातही मानतात; फक्त घरात सहावीचं मूल असेल तर त्या वर्षापुरतं मानत नाहीत. प्राथमिक शाळा सोडतानाची ती परीक्षा एवढी मोठी असते की त्या वर्षातली घरची सगळी कामं, दुखणी आणि भांडणं 'परीक्षेनंतर' या एका सदरात जमा होतात. आणि हे योग्यच आहे. बारा वर्षांचं मूल आयुष्याची दिशा ठरवत असताना मोठ्यांनी मध्येमध्ये जगत बसणं बरं दिसत नाही.

तोआ पायोतल्या एका बारा मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारं ताय कुटुंब या बाबतीत आदर्श म्हणावं असं होतं. धाकटा जुन काय चौथीत आणि थोरली शिन यी सहावीत होती. त्यामुळे गळका फ्रिज परीक्षेनंतर बदलायचा होता, आईची दाढ परीक्षेनंतर काढायची होती आणि मामा-मामींचा घटस्फोट, दोन्ही पक्षांची पूर्ण संमती असूनही, परीक्षेनंतरच जाहीर व्हायचा होता. (तोवर दोघं दर रविवारी जोडीनं जेवायला येत आणि एकमेकांच्या वाडग्यात मासा वाढत. त्यांचा संसार इतका सुखाचा कधीच झाला नव्हता.)

या सदरात न बसणारी एकच बाब जूनमध्ये उपटली. ती म्हणजे आजोबांचं हृदय.

आजोबांना घरातली मुलं आ गोंग म्हणत आणि मुलांमुळे सगळी इमारतही तेच म्हणे. नाव ताय बोक सेंग, वय एक्याऐंशी, सारी नोकरी शहराची बस चालवण्यात गेलेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काही महिने, कदाचित वर्ष, कदाचित जास्तही, नक्की सांगता येत नाही. हे उत्तर सुनेला, म्हणजे पेक लिंगला, मुळीच पटलं नाही. शिकवणीचे सरसुद्धा निदान अंदाज देत.

पेक लिंग वाईट बाई नव्हती. हॉस्पिटलच्या जिन्यात ती खरोखर रडली होती. पण रडून झाल्यावर तिनं कॅलेंडर काढलं. रात्रीच्या जेवणानंतर आ गोंगसकट टेबलाभोवती बैठक बसली. सफरचंदाच्या फोडी आल्या. शिन यीला आतल्या खोलीत अपूर्णांक देऊन बसवलं आणि विषय मांडला गेला.

अडचणी तीन होत्या. पहिली जागेची. इमारतीचा तळमजला मोकळा. लग्नं तिथेच आणि मयतंही तिथेच. आ गोंगच्या वयाला आणि मानाला पार्थिव पाच दिवस तरी तिथे ठेवावं लागणार. म्हणजे पाच दिवस भिक्षूंचं पठण, झांजा, आणि जागरणाला आलेल्या पाहुण्यांचा सोंगट्या खडखडवत चालणारा माहजाँगचा डाव, हे सगळं शिन यीच्या अभ्यासाच्या खिडकीखाली. दुसरी अडचण धर्माची. सुतकातल्या माणसांनी देवळाची पायरी चढायची नसते. मग परीक्षेची पेन्सिल देवापुढे ठेवायची कुणी? तिसरी अडचण अशी, की पोरीला आजोबांचा लळा आहे, तिला वाईट वाटेल. (ही अडचण शेवटी आली, पण आली.)

आ गोंगचा मुलगा वेई लियांग सफरचंदाकडे बघत होता. सगळ्या बैठकीत त्यानं तेवढंच केलं.

"पा, आम्ही काही म्हणत नाही," पेक लिंग सासऱ्यांना म्हणाली. "फक्त विज्ञानाचा पेपर होऊ दे."

"विज्ञान कधी आहे?"

"ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. तोच शेवटचा."

आ गोंगनी विचार केला. जन्मभर त्यांनी कुणीतरी छापून दिलेलं वेळापत्रक पाळलं होतं आणि त्यात कधी अपमान मानला नव्हता. पण गाडी लांब पल्ल्याला न्यायची तर डेपोतून काय काय मागून घ्यावं लागतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

"थांबतो," ते म्हणाले. "पण मला गोड दुधाची कॉफी लागेल."

कॉफी मंजूर झाली. डुकराच्या चरबीत परतलेल्या नूडल्स आठवड्यातून एकदा मंजूर झाल्या. डॉक्टरांनी दोन्ही बंद केलं होतं, पण रुसलेलं हृदय जास्त धोक्याचं असतं असं वेई लियांगला इंटरनेटवर वाचायला मिळालं.

बातमी इमारतीत फुटायला दोन दिवस लागले. त्या इमारतीत सहावीची अकरा मुलं होती आणि तळमजला सगळ्यांचा एकच होता. म्हणजे आ गोंग हा आता एका घराचा खासगी विषय राहिला नव्हता. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी निवेदन येऊ लागलं: 'आ गोंग स्थिर. पेज पूर्ण घेतली. पोट साफ.' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागे. पाचव्या मजल्यावरून औषधी मुळ्यांचं सूप येऊ लागलं, आठव्यावरून कोंबडीच्या अर्काच्या बाटल्या. लिफ्ट त्यांच्यासाठी धरून ठेवली जाई. गणितात कच्च्या मुलीची एक आई म्हणाली की आ गोंगनी निकालापर्यंत थांबावं, पण ही मागणी स्वार्थी ठरून फेटाळली गेली. कुणा बापानं सुचवलं की सप्टेंबरपुरतं त्यांना समुद्रापलीकडे जोहोरला नातेवाइकांकडे ठेवावं. म्हणजे काही झालं तर तिकडे होईल. त्यावर साधकबाधक चर्चा झाली.

त्या काही महिन्यांत 'कसं वाटतंय' हा प्रश्न आ गोंगना जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा आधीच्या पंधरा वर्षांत मिळून विचारला गेला नव्हता. (त्या पंधरा वर्षांत तो दोनदा विचारला गेला होता, पैकी एकदा बँकेतल्या बाईनं, पासबुकाच्या नव्या रंगाबद्दल.)

ही सरबराई इमारतीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना बघवत होती असं नाही. तळमजल्याच्या बाकावर सियाह म्हातारी बसायची. तब्येत ठणठणीत, घरात शाळेचं पोर नाही, त्यामुळे तिला कुणी सूप देत नसे.

"तुमचं बरं आहे," ती एकदा आ गोंगना म्हणाली. "मरणार म्हणून वाडगा भरून. मी मेली जगतेय, तर कुत्रं विचारत नाही."

"तुम्हीही आजारी पडा की."

"उपयोग काय? माझी नातवंडं ऑस्ट्रेलियात आहेत. तिथे असली परीक्षाच नाही म्हणे." त्या देशाची तिला मनापासून कीव आली.

आ गोंगनी तिला अर्धं सूप दिलं. ऑगस्टमध्ये ते तपासायला गेले तेव्हा डॉक्टर कागदाकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. हृदय सुधारलं होतं. काय औषध चालू आहे, असं त्यांनी विचारलं. "नात सहावीत आहे," आ गोंग म्हणाले. डॉक्टरांनी समजून मान हलवली. त्यांची मुलगी पाचवीत होती.

हृदय सुधारल्याचं आ गोंगनी घरी सांगितलं नाही. लबाडी होती, पण नूडल्स चांगल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर नूडल्सपेक्षाही, सकाळी सून दारात उभी राहून "पा, रात्री झोप लागली का?" असं विचारायची, ते त्यांना फार आवडायला लागलं होतं.

सप्टेंबरच्या मध्यावर एका संध्याकाळी शिन यी विज्ञानाचं पुस्तक घेऊन बाकावर त्यांच्या शेजारी येऊन बसली. बीजप्रसार वाचता वाचता थांबली.

"आ गोंग, विज्ञानाचा पेपर झाला की तुम्ही मरणार ना?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला? आपली भिंत केवढी पातळ आहे. मी आत अपूर्णांक करत होते." तिनं पान दुमडलं. "मी एक ठरवलंय. नापास झालं की पुढच्या वर्षी परत बसता येतं. मी विज्ञानाचा पेपर कोरा देणार. मग तुम्हाला आणखी एक वर्ष थांबावंच लागेल."

इतके दिवस सगळी इमारत आ गोंगना पेपरासाठी जगवत होती. त्यांच्यासाठी पेपर सोडायला निघालेली ही एकटीच. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते बाहीनं पुसले. मग त्यांना भीती वाटली, कारण पोरगी हट्टी होती आणि हट्ट घराण्यातून आला होता.

"तुझा भाऊ कितवीत आहे?" त्यांनी विचारलं.

"जुन काय? चौथीत."

"तुझ्या आईनं त्याच्या पेपरांच्या तारखा मला अजून दिलेल्या नाहीत. त्या हातात आल्याशिवाय मी कुठे जातोय? तू आपला पेपर लिही."

शिन यी बराच वेळ हिशेब करत होती.

"मला कळलंय हे आईला सांगू नका," ती एवढंच म्हणाली. "तिचा अभ्यास बिघडेल."

विज्ञानाचा पेपर झाला. आ गोंग ठरल्याप्रमाणे जिवंत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यापुढे बिनमिठाची पेज आली आणि बिनसाखरेची काळी कॉफी, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं. ग्रुपवर निवेदन आलं नाही; ग्रुपचं नावच बदललं होतं आणि तिथे आता माध्यमिक शाळांची चर्चा चालली होती. फ्रिज आला. दाढ निघाली. लिफ्टचं दार त्यांच्या तोंडावर बंद झालं. दुपारपर्यंत त्यांना झोपेबद्दल कुणी विचारलं नाही, तेव्हा ते खाली बाकावर जाऊन बसले.

"सूप?" सियाह म्हातारीनं विचारलं.

"नाही आलं."

"या," ती सरकून जागा देत म्हणाली. "आता तुम्ही आमच्यातले."

रविवारी मामा एकटाच जेवायला आला आणि त्यानं घटस्फोटाची बातमी दिली. सगळे हळहळत असताना आ गोंगनी घसा खाकरला आणि नातवाला विचारलं, "जुन काय, तुझी सहावी म्हणजे अजून दोन वर्षं ना रे?"

"हो, आ गोंग."

"दोन वर्षं," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "कठीण दिसतंय."

सगळ्यांच्या जेवणाच्या काड्या हवेत थांबल्या. पेक लिंगची नजर नव्या फ्रिजवर टांगलेल्या कॅलेंडरकडे गेली, तिथून जुन कायकडे, तिथून खिडकीखालच्या तळमजल्याकडे. मग ती उठली आणि डब्यातून गोड दुधाचा टिन काढला.

"पा," ती म्हणाली, "रात्री झोप लागते ना तुम्हाला?"

शिन यीनं तोंड वाडग्यात घातलं. तिचे खांदे हलत होते.

ही गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली, त्या सगळ्यांनी शेवटी एकच प्रश्न विचारला, आणि तोच प्रश्न तुम्हीही मघापासून जिभेवर धरून बसला आहात: पोरीनं पेपर लिहिला का, आणि पडले किती? लिहिला. चारही विषयांचे मिळून नऊ पडले. (तिथे गुण जितके कमी तितके चांगले, चाराच्या खाली कुणी जात नाही. नऊ उत्तम समजतात.) आता तुमचा जीव भांड्यात पडला असेल.

आ गोंग अजून आहेत की नाहीत, हे मात्र कुणीच विचारलं नाही. तुम्हीही नाही. हरकत नाही, तुमच्याही घरी यंदा कुणाची तरी परीक्षा असेलच. ती झाली की विचारा.