कटावाचून पुरणपोळी वाढली त्याची हकीकत

श्रीअग्निनारायण प्रसन्न असो, सांगणारीची जीभ आणि ऐकणारांचे पोट सुखरूप राहो. शके सोळाशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सरे, फाल्गुनी पौर्णिमेस एका राज्यात ऐसे वर्तमान घडले की, गडास शत्रूचा वेढा पडून चार महिने झाले, आणि कोठारात हरभऱ्याचा दाणा राहिला नाही, उंदीरसुद्धा गड उतरून शत्रूकडे चाकरीस गेले. अशात शत्रूचे वकील नागोपंत बोलणी करावयास वर आले. राजेसाहेब स्वतः मुदपाकखान्यात धावत आले आणि आचारीणबाईस म्हणाले, "म्हाळसाकाकू, आज होळी. पंतांस पुरणपोळी मिळाली नाही तर गड उपाशी आहे हे कळेल, आणि उद्या तोफा सुरू. एकही डोके राहायचे नाही." काकू म्हणाली, "माझं आधी जाईल, सरकार." मग तिने बुरुजावरच्या वेलाचा शेवटचा लाल भोपळा आणविला, आणि वाफवून, पिळून कोरडा केला, आणि गुळाच्या ढेपेचा तळ खरवडून घातला, पुरण सैल पडले म्हणून वरीचे पीठ भाजून मिसळले, वेलची नव्हती तेथे सुंठ घातली, आणि हात असा कापत होता की पोळी आपोआप गोल लाटली गेली. खोटे वाटत असेल त्याने उठून जावे.

मग पंत पाटावर बसले, आणि राजेसाहेब होळीच्या उपासाचे निमित्त करून शेजारी नुसते पाणी पीत बसले. पंतांनी पोळी खाल्ली आणि सावकाश म्हणाले, "बाई, पुरणपोळी वाढलीत आणि कटाची आमटी नाही? डाळ शिजली, तर तिचे पाणी गेले कुठे?" आमटीचे कोणाच्या ध्यानातच नव्हते. मग काकूने दुसरी पोळी पानात टाकली आणि म्हणाली, "डाळ कशाला शिजवू, पंत? हरभरा आमच्याकडे घोडे खातात. पाहुण्यांना आम्ही भोपळ्याचं पुरण करतो. तुम्हाला घरी कोणी केलं नाही वाटतं?" तबेला तर पौषापासून रिकामा. पंत पाहतो म्हणाले असते तर सगळे संपले होते. पंतांनी दुसरीही पोळी संपविली. मग वाकून हळूच म्हणाले, "कृती सांगता का? आमच्या छावणीत हरभरा संपून पंधरा दिवस झाले. सरदार रोज माझ्या नावाने ओरडतात."

काकूने सगळी कृती सांगितली, वरीचे पीठ तेवढे सांगितले नाही. पंत खाली गेले आणि सांगते झाले की, वर घोडेसुद्धा हरभरा खातात, येथे बसून आपणच उपाशी मरू. तिसऱ्या दिवशी तंबू उतरले.

सारांश, गड राहिला आणि माणसे राहिली. पोळ्या दोनच झाल्या होत्या, त्या पंतांनी खाल्ल्या. कशा लागल्या, हे काकूस शेवटपर्यंत कळले नाही.