हवेत एक

शिवलीला हुक्केरीने अठरा ऑगस्टला टाकलेला चेंडू पंधरा सप्टेंबरपर्यंत खाली आला नव्हता, त्यामुळे मुलींच्या बास्केटबॉल संघाचा मध्यहंगामी आढावा भरताना एक रकाना कमी पडला. विद्यापीठाच्या छापील तक्त्यात खेळले, जिंकले, हरले एवढंच असतं. मी पट्टीने आणखी एक रकाना आखला आणि लिहिलं: खेळले सात, जिंकले तीन, हरले तीन, हवेत एक.

मी या महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाची संचालक आहे आणि संघाची प्रशिक्षकही मीच. बावीस वर्षं झाली. तक्ते भरायचा मला कंटाळा नाही. अर्धवट राहिलेल्या तक्त्यांचा आहे.

झालं होतं ते असं. नदीपलीकडच्या महाविद्यालयाशी सामना होता, आमच्याच मैदानावर. चार सेकंद उरले होते, आम्ही साठ, त्या एकसष्ट. त्या दिवशीची आमची पाचवी मुलगी पाच फाऊल होऊन बाहेर गेली आणि बाकावर शिवलीलाशिवाय दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी तिला आत पाठवलं. तीन वर्षांत ती सगळी मिळून अकरा मिनिटं खेळली होती. तिच्या हातात चेंडू आला, तिने तो दोन्ही हातांनी वर फेकला आणि मग सायरन झाला. चेंडू वर गेला. आम्ही सगळे खाली रिंगकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने मान दुखायला लागली तेव्हा वर बघितलं, तर तो अजून जातच होता.

पंच खोत नियमाला पक्के आहेत. शॉट हातातून सुटल्यावर सायरन झाला, तर तो रिंगमध्ये पडतो की बाहेर हे कळेपर्यंत सामना चालू राहतो. चार सेकंदांत शहाणं माणूस शॉटच मारतं, म्हणून सगळ्यांनी तो शॉटच धरला. खोतांनी घड्याळ बघितलं, वर बघितलं आणि म्हणाले, "सामना चालू आहे. कुणी हलायचं नाही."

संध्याकाळी सहाला हलावं लागलं. खोतांनी नियमाचं पुस्तक काढलं. संघाच्या किमान दोघी मैदानावर असल्या तर सामना बाद होत नाही, एवढी सोय त्यात निघाली. मग आळीपाळी ठरली. खेळत होत्या त्या पाच-पाच जणींतूनच आमच्या दोघी, त्यांच्या दोघी, चार-चार तासांनी बदल. पलीकडच्या मुलींची राहायची सोय आमच्या वसतिगृहात केली. त्यांचे प्राचार्य रोज फोन करून विचारायचे, "आलं का काही?" आणि आमचे प्राचार्य मगदूम सर सांगायचे, "अजून नाही." दुसऱ्या आठवड्यापासून त्या मुली आमच्या वर्गांना बसू लागल्या. अर्थशास्त्राची हजेरी वर्षानुवर्षांत पहिल्यांदा पन्नासच्या वर गेली.

चेंडूवर लक्ष ठेवायचं काम भौतिकशास्त्र विभागाने अंगावर घेतलं. कँटीनजवळच्या फळ्यावर ते रोज सकाळी उंची लिहायचे. एकशे दहा मीटर. दोनशे पस्तीस मीटर. पावसाचे दिवस, त्यामुळे कधी कधी नुसतं 'ढगात'. स्वच्छ दिवशी चेंडू लिंबाएवढा दिसायचा. सातशे बारा मीटरला तो तीन दिवस थांबला आणि मग उतरायला लागला. त्या सकाळी फळ्यावर त्यांनी उंचीखाली दोनदा रेघ मारली होती.

चालू सामन्यातल्या मुलींना दुसऱ्या सामन्यात उतरता येत नाही, आणि मैदानही अडकलेलं. पुढचे तीन सामने आम्ही परगावी, उरलेल्या मुलींना घेऊन खेळलो आणि त्यातले दोन जिंकलो. याचं श्रेय घ्यायचं की लाज वाटून घ्यायची हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता उंच पासाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच येऊन अडतं. आमच्या मैदानावरून पूर्वी विजेची तार जायची, बरोबर मध्यरेषेवरून, दोन पुरुष उंचीवर. तारेला चेंडू लागला की अख्ख्या वसतिगृहाची वीज जायची आणि मेसमधल्या मावशी लाटणं घेऊन बाहेर यायच्या. म्हणून आमच्या मुली तारेवरून पास द्यायला शिकल्या. तार काढून सहा वर्षं झाली. आत्ताच्या मुलींपैकी एकीनेही ती बघितलेली नाही, पण थोरल्या मुलींनी धाकट्यांना शिकवलं, त्यांनी पुढच्यांना, आणि अजूनही मध्यरेषा आली की आमच्या मुलींचा चेंडू आपोआप वर जातो. सगळ्यात उंच जायचा तो शिवलीलाचा. मी तीन वर्षं घसा कोरडा केला. "अगं, तार नाही आता! छातीसमोरून दे!" ती मान डोलवायची. पुढच्या वेळी पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी.

आढाव्यात दोन मुख्य भाग असतात, जमेच्या बाजू आणि उणिवा. आमच्याकडे जुनी पद्धत अशी की उणिवांखाली जिचं नाव येतं, तिची जर्सी धुऊन, इस्त्री करून माझ्या कपाटात जाते आणि उरलेला हंगाम तिथेच राहते. ही पद्धत मी सुरू केलेली नाही, पण मोडलेलीही नाही. शिवलीला तिसऱ्या वर्षाला होती. तिला पुढचा हंगाम नव्हता.

एक मात्र होतं. बदली खेळाडू चेंडू मेल्याशिवाय, म्हणजे खेळ थांबल्याशिवाय, आत घेता येत नाही, आणि हा चेंडू तर जिवंत होता. तो वर आहे तोवर शिवलीलाला संघातून कोणी काढू शकत नव्हतं, मीसुद्धा नाही. ती आपल्या चार तासांना वेळेवर यायची, चौदा नंबरची जर्सी घालून उभी राहायची, आणि मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात खडूने एक गोल काढायची. पावसाने पुसला की पुन्हा काढायची. संघाची कप्तान निलोफर शिकलगार पाळीवर आली की शिवलीला तिला त्या गोलात उभी करायची.

"इथंच थांब गं, हलू नको," असं म्हणायची.

निलोफर थांबायची. मला वाटलं, शिस्त आहे पोरींत. बरं वाटलं.

पंधरा सप्टेंबरला आढावा समिती बसली. समिती म्हणजे प्राचार्य मगदूम सर, पंच खोत आणि मी. कार्यालयात बसलो असतो, पण खोतांना सामना सोडून हलता येत नव्हतं, म्हणून तीन खुर्च्या आणि एक टेबल मैदानावरच आणवलं. त्या वेळी आमच्याकडून शिवलीला आणि निलोफर उभ्या होत्या. पलीकडच्यांची उंच मुलगी, सुप्रभा चौगुले, रिंगखाली हात वर करून उभी होती. जैनांच्या दशलक्षण पर्वाचे तिचे दहाही दिवस एका जेवणावर तिथेच गेले होते. पण हात खाली आला नव्हता.

आम्ही जमेच्या बाजू लिहिल्या. चिकाटी. उपस्थिती. बाकावरच्या मुलींची तयारी. मग उणिवा. फाऊल फार. मध्यरेषेवरचा खेळ ढिला. खोतांनी चौथ्या सामन्याचं टिपण पुढे ओढलं आणि पेनचं टोपण काढलं.

"शॉटचा प्रकार लिहायचा राहिलाय," ते म्हणाले. "एका हाताचा, दोन हातांचा, की लांबून फेकलेला? हुक्केरी, इकडं ये."

शिवलीला आली. मध्यरेषा न ओलांडता उभी राहिली.

"शॉट नव्हता सर तो," ती म्हणाली. "पास होता."

खोतांनी टोपण परत लावलं.

"कुणाला?"

"निलोफरला. ती त्या कोपऱ्यात मोकळी होती. मी पास देत होतो."

पास असेल तर सायरनबरोबर चेंडू मरतो. मग तो आकाशात असो नाहीतर कपाटात. हे त्या मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मगदूम सरांनी चष्मा काढला.

"हे तू अठ्ठावीस दिवस सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही सर. मी निलोफरला सांगायचो रोज, थांब म्हणून. मला वाटलं, सगळ्यांना माहीत हाय."

सर मुलींशी फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी खुर्ची पुढे ओढून बोलले. "बाळ, नीट आठवून सांग. घाई नाही. तू शॉट म्हणालीस तर सामना चालू आहे. चेंडू आत पडायचीही शक्यता आहे. आणि चालू सामन्यातून तुला कोणी काढू शकत नाही. पास म्हणालीस, तर आपण अठरा ऑगस्टलाच हरलो, आणि तुझं नाव कुठं जाणार ते तुला माहीत आहे."

शिवलीलाने वर बघितलं. चेंडू त्या दिवशी चारशे सहा मीटरवर होता, स्पष्ट दिसत होता. मला वाटत होतं की तिने शॉट म्हणावं. बावीस वर्षांत मी एकाही मुलीला खोटं बोल असं सांगितलेलं नाही, आणि त्या क्षणी ते अगदी तोंडाशी आलं होतं.

"आठवतंय सर," ती म्हणाली. "पासच होता."

खोत उठले आणि त्यांनी शिट्टी वाजवली. सामना संपला, साठ-एकसष्ट, पलीकडच्या विजयी, तारीख अठरा ऑगस्ट.

सुप्रभाने हात खाली घेतले. "म्हणजे आम्ही जिंकलो?"

"अठ्ठावीस दिवसांपूर्वी," खोत म्हणाले.

"बरं झालं. हात लई दुखायलते." ती शिवलीलाकडे गेली, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि वसतिगृहातून आपली वळकटी आणायला निघाली. संध्याकाळच्या एसटीने त्या सगळ्या गेल्या. वसतिगृहात जेवणाच्या पंक्तीत पाच ताटं कमी झाली आणि मेसच्या मावशींनी चार दिवस भाकरी जास्तच थापल्या.

मी चौथा रकाना खोडला. 'हरले'मध्ये तीनचे चार केले. उणिवांखाली लिहिलं: पास, गरजेपेक्षा फार उंच, शि. हुक्केरी. अक्षर चांगलं आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने जर्सी धुऊन, इस्त्री करून आणून दिली. कपाटाला कुलूप लावताना मला स्वतःचाच राग आला होता, तो कुठे लिहायचा याला तक्त्यात जागा नव्हती.

चेंडू उतरतच होता. सामना संपला म्हणून तो काही थांबला नाही. भौतिकशास्त्राने गणित करून सांगितलं की तो सायकल स्टँडवर पडेल. मगदूम सरांनी सायकल स्टँड रिकामा करवला आणि तिथे दोरी बांधली.

निलोफर मात्र सरावानंतर रोज उजव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहायची. खडूचा गोल आता तीच काढायची. मी तिला एकदा हटकलं. "अगं, सामना संपला. चेंडू मेलेला आहे. शिवाय तो सायकल स्टँडवर पडणार आहे."

"हो मॅडम," ती म्हणाली. "पण तिनं मला दिलाय. दिलाय म्हटल्यावर घ्यायला नको?"

शिवलीलाही यायची. जर्सी नसल्यामुळे मैदानात येत नव्हती, पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसायची आणि अंधार पडायच्या आत घरी जायची.

एकोणतीस सप्टेंबरला, गुरुवारी, पाच वाजून वीस मिनिटांनी चेंडू आला. सकाळी फळ्यावर अकरा मीटर लिहिलेलं होतं, त्यामुळे बरीच मंडळी सायकल स्टँडच्या दोरीभोवती जमली होती. कँटीनच्या पत्र्यावरून तो आला, शांतपणे, सायकल स्टँडवरून पुढे गेला, मध्यरेषा ओलांडली, आणि जिथे तार असायची तिथून बरोबर हातभर वरून गेला. निलोफर गोलात उभी होती. तिला पाय हलवावा लागला नाही. चेंडू छातीसमोर आला आणि तिने दोन्ही हातांनी घेतला.

चेंडू ओला होता आणि फ्रीजमधून काढल्यासारखा थंडगार. निलोफरने तो बगलेत धरला आणि पायरीकडे बघून ओरडली, "मिळाला गं!"

मला भरून आलं. लपवायचं कारण नाही.

शिवलीला दप्तर तिथेच ठेवून उठली आणि कडेच्या रेषेपाशी येऊन थांबली. रेषेच्या आत तिने पाऊल टाकलं नाही. तिने निलोफरकडे बघितलं, मग वर, जिथे आता काही नव्हतं तिकडे, आणि मग माझ्याकडे.

त्या दिवशी कार्यालय बंद व्हायच्या आत मी विद्यापीठाला शुद्धिपत्रक पाठवलं. हरले चार, त्यात बदल नाही. उणिवांतील तिसरी ओळ रद्द समजावी. जमेच्या बाजूंत एक ओळ वाढवावी: पास, अचूक, शि. हुक्केरी. पोहोचायला वेळ लागतो. खोतांनी कुरकुर न करता सही केली. पण ते सगळं नंतर. आधी मी कपाट उघडून चौदा नंबरची जर्सी काढली आणि मैदानाच्या कडेला जाऊन तिच्या हातात दिली. तिने घड्या मोडल्या, इस्त्री बघितली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "थोडा उंच झाला का?"

"थोडा," मी म्हटलं.