परबमावशी आणि तीन लॅपटॉप

आमच्या सोसायटीत कोणाचा कॉम्प्युटर अडला आणि परबमावशी आल्या, की घरातल्या प्रत्येकाने दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं असतं. नियम त्यांचाच. दारात चप्पल काढता काढताच त्या म्हणतात, "हात मागे." मग घरात डॉक्टर असो नाहीतर चार्टर्ड अकाउंटंट. सी विंगमधले शहाभाई मालाडला दुकान चालवतात आणि सहसा कोणाचं ऐकत नाहीत. एकदा बोलता बोलता ते स्क्रीनवर बोट ठेवून काहीतरी दाखवायला गेले. मावशी उठल्या, पिशवी उचलली आणि चालू लागल्या. शहाभाईंच्या मुलीला स्क्रीनवरून बघायला परदेशातलं स्थळ थोड्याच वेळात येणार होतं. शहाभाई जिन्यापर्यंत हात मागे बांधून त्यांच्यामागे गेले, तेव्हा कुठे मावशी परतल्या.

परबमावशी सत्तरीला टेकल्यात. बी विंगमध्ये पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. अंधेरीच्या एका कंपनीत टेलिफोन बोर्डवर नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाल्या. घट्ट अंबाडा, साखळीला अडकवलेला चष्मा आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक माउस, एक हेडफोन, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि आल्याच्या वड्या. वड्या स्वतःसाठी. कोणाला देत नाहीत.

हे कॉम्प्युटरचं काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सोसायटीची वार्षिक सभा पहिल्यांदा स्क्रीनवर झाली, त्या दिवशी सगळे एकदम बोलत होते आणि सेक्रेटरींच्या घरात मिक्सर चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी घरोघर फिरायला लागल्या. "एका लाइनवर चाळीस माणसं बोलतात, काही लाजबीज?" असं म्हणत त्यांनी प्रत्येकाच्या मशीनमध्ये मीटिंगचं सॉफ्टवेअर नीट घालून दिलं, आणि तोंड कधी बंद ठेवायचं, तेही शिकवलं. तेव्हापासून मुलाखत असो, बारसं असो, डॉक्टरचा सल्ला असो, आधी परबमावशी.

चाचणीची त्यांची पद्धत ठरलेली. चित्र नंतर, आधी आवाज. त्या मोबाइल घेऊन आतल्या खोलीत जातात आणि तिथून बोर्डवरच्या आवाजात विचारतात, "हॅलो. कोण बोलतंय? नाव सांगा."

"मावशी, मी सुधीर. आत्ता तर तुमच्यासमोर होतो," मी एकदा म्हणालो.

"समोर कोण होतं ते मी विचारलं नाही. नाव."

नाव स्वच्छ ऐकू आल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. आणि माणसांशी असं सरळ बोलणाऱ्या मावशी कॉम्प्युटरशी मात्र मालवणीत बोलतात. "काय झाला तुका? काल चलत होतस मा? आज खयचो राग काढतस?" मशीन बिचारं ऐकून घेतं.

आमच्या घरी त्या दिवशी जे झालं, ते सांगायचं तर आधी वैशालीचं सांगायला हवं. वैशाली माझी बायको. कांदिवलीच्या एका शाळेत शिकवते. मुलगी शाळेत असताना तिने पीएचडीला नाव घातलं आणि मुलगी नोकरीला पुण्याला गेली तरी ते चालूच होतं. विषय गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचा. एका खोलीत संसार करून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या ह्या बायकांच्या शोधात तिने किती रविवार घालवले, ते मला माहीत आहे, कारण त्या रविवारी भात मी लावायचो. प्रबंध दिला, तर तोंडी परीक्षेची तारीखच मिळेना. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या शहरातले. एकदा ते आजारी पडले, एकदा विद्यापीठाकडून लांबलं. शेवटी तारीख ठरली आणि वैशालीच्या गाइड मॅडमनी बजावलं, "ह्या वेळी सांभाळ. सर आता परदेशी जातायत. हे हुकलं तर पुढचं वर्ष."

परीक्षा घरूनच, सकाळी अकराला. आदल्या संध्याकाळी मावशींनी येऊन वैशालीच्या लॅपटॉपवर सगळं तपासलं. आवाज, चित्र, उजेड. जाताना म्हणाल्या, "आता ह्याला कोणी हात लावायचा नाही."

आम्ही लावलाही नाही. त्याने रात्रीतून स्वतःच अपडेट सुरू केला होता. सकाळी वैशालीने झाकण उघडलं, तर निळा पडदा, त्यावर गरगरणारा गोल आणि खाली सूचना, बंद करू नका. आम्ही वाट पाहिली. गोल फिरत राहिला. साडेदहा वाजले तसा मी मावशींना फोन केला. त्या आल्या तेव्हा आम्ही दोघं आधीच हात मागे घेऊन उभे होतो.

"काय झाला रे तुका?" त्या लॅपटॉपला म्हणाल्या. मग आम्हाला म्हणाल्या, "थांबायचं. ह्याच्यात मध्ये पडायचं नसतं."

थांबलो. वैशाली पदराची पिन काढत होती, परत लावत होती. तेवढ्यात मॅडमचा फोन. "वैशाली, लिंक उघडलीस का? सर लवकर आलेत."

मावशींनी घड्याळाकडे पाहिलं, गोलाकडे पाहिलं, आणि इतकी वर्षं जे करायला त्यांनी आख्ख्या सोसायटीला बंदी केली होती, तेच केलं. पॉवरचं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. पुन्हा चालू केला तर दुरुस्ती चालू आहे असं काहीतरी आलं, मग पुन्हा तेच, आणि शेवटी नुसता निळा पडदा. गोलसुद्धा नाही.

मावशींनी चष्मा काढला. "माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "मी थांबायला हवं होतं."

वैशाली पदराची पिन हातात धरून पडद्याकडे बघत राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

"दुसरा?" मावशींनी विचारलं.

दुसरा माझा, ऑफिसचा. त्यात नवीन काही घालायचं तर ऑफिसचा खास पासवर्ड लागतो. मी ऑफिसच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिथे संगीत वाजत होतं. मावशींनी थोडा वेळ ते ऐकलं आणि म्हणाल्या, "ठेव. बोर्डवर माणूसच नाही." मग सॉफ्टवेअर न घालता थेट ब्राउझरमधून लिंक उघडली. मीटिंग उघडली, पण कॅमेरा ऑफिसने बंद करून ठेवला होता. चेहरा दिसल्याशिवाय परीक्षा घेता येत नाही, आणि फोनवरचं चित्र चालत नाही, हे मॅडमनी आधीच सांगितलेलं.

"तिसरा?"

तिसरा माळ्यावर होता. मुलीचा कॉलेजातला लॅपटॉप. मी स्टुलावर चढून तो खाली काढला, मावशींनी माझ्याच बनियनने तो पुसला. बॅटरी मेलेली. चार्जर लावला की दिवा लागायचा, पिन सोडली की जायचा. एका ठरावीक कोनात दाबून ठेवली तर मशीन जिवंत, म्हणून मावशींनी पिनेखाली एक वही सरकवून ती तशीच अडकवली. ते चालू व्हायला लागलं आणि अकरा वाजून गेले.

सॉफ्टवेअरने सांगितलं, तुमचं मशीन जुनं आहे, मी चालणार नाही. "तू नको तर नको," मावशी म्हणाल्या आणि इथेही ब्राउझरचा रस्ता धरला. मशीन कण्हत होतं. मावशी मालवणीत त्याला काय काय सांगत होत्या, ते मला सगळं कळलं नाही, पण धमकी कुठे संपते आणि विनवणी कुठे सुरू होते, तेवढं कळत होतं. अखेर पडद्यावर वैशालीचा चेहरा आला. थोडा हिरवा, पण तिचाच.

वैशाली बोलली. मॅडमनी कानाला हात लावून मान हलवली. मग त्यांनी एक कागद वर धरला. दिसतेस, ऐकू येत नाही.

माइक मेलेला होता, पिशवीतला हेडफोन लावला तर तोही मशीनने ओळखला नाही. मावशींनी माझा फोन घेतला, त्यावरून त्याच मीटिंगमध्ये शिरल्या. चित्र लॅपटॉपचं, आवाज फोनचा. वैशाली म्हणाली, "नमस्कार सर," आणि लॅपटॉपमधून तोच नमस्कार तीनदा परत आला. प्रत्येक वेळी जास्त मोठा.

"एका खोलीत दोन तोंडं झाली," मावशी पुटपुटल्या. त्यांनी लॅपटॉपचा स्पीकर पार बंद केला. तेवढ्यात फोनमधून परीक्षक सरांचा आवाज आला. "मॅडम, हे असंच चालणार असेल तर आपण पुढची तारीख..."

मावशींनी फोन तोंडाजवळ नेला. "हॅलो. कोण बोलतंय? नाव सांगा."

सरांनी आपलं पूर्ण नाव, हुद्दा आणि विभाग सांगितला.

"स्वच्छ येतंय," मावशी म्हणाल्या. "घ्या परीक्षा." आणि फोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवून दिला.

वैशालीने सुरुवात केली, आणि तिसऱ्या वाक्याला लॅपटॉप विझला.

पिन वहीवरून घसरली होती. मी धावलो, दाबून धरली, दिवा लागून गेला. "तुला जमायचं नाही. हो बाजूला," मावशी कुजबुजल्या. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून त्या टेबलाच्या बाजूला खाली फरशीवर बसल्या, पाठ टेबलाच्या पायाला टेकवली आणि हात वर करून पिन दाबली. लॅपटॉप पुन्हा चालू झाला. सर वैतागले होते, पण थांबले होते. मी दारात उभा राहिलो, कोणी बेल वाजवू नये म्हणून.

तासाभराहून जास्त चाललं ते. मावशींचा हात आधी सरळ होता, मग कोपरात वाकायला लागला. मी खूण केली, मी धरतो. त्यांनी मान हलवली. नजर चार्जरच्या दिव्यावर. पलीकडे प्रश्न येत होते आणि वैशालीचा आवाज हळूहळू घट्ट होत गेला. पहाटे पेटणाऱ्या स्टोव्हबद्दल बोलली, गिरणीची पाळी सुटली की दारात लागणाऱ्या चपलांबद्दल बोलली, एकाच खोलीत जेवणाऱ्यांची पंगत बसली की पोरांना अभ्यासाला जिन्यात कसं बसवत, ते बोलली. मावशींची नजर दिव्यावरून हटली आणि वैशालीकडे लागली.

सरांनी विचारलं, "ह्या बायका स्वतः कधी जेवायच्या? तुमच्या प्रबंधात हे कुठे दिसत नाही."

वैशालीने समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाली, "सर, मी विचारलं होतं. बहुतेकींनी हसून टाळलं. मला नीट उत्तर मिळालं नाही, म्हणून मी लिहिलं नाही."

दिवा लुकलुकला. मावशींनी दुसरा हात वर नेऊन पहिल्याला आधार दिला. दिवा टिकला.

आणखी काही प्रश्न झाले. मग सर म्हणाले की त्यांचं समाधान झालं आहे, आणि वैशालीला डॉक्टर म्हणून हाक मारली. मॅडम रडायला लागल्या. वैशालीने हात जोडले. मीटिंग बंद झाली, मावशींनी पिन सोडली, आणि लॅपटॉप गेला तो गेलाच.

मी मावशींना उठवायला गेलो. त्यांना उठता येईना. "राहू दे. मुंग्या आल्यात," त्या म्हणाल्या. "बसते जरा." मी चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेलो. तिथून बाहेरचं दिसत होतं. वैशाली नव्या साडीसकट खाली फरशीवर बसली आणि मावशींचा हात मांडीवर घेऊन चोळायला लागली. मला वाटलं, पेढ्यांचं, अभिनंदनाचं काहीतरी बोलतील.

"त्यांनी विचारलं ना, जेवायच्या कधी," मावशी म्हणाल्या.

"हो."

"उभ्यानं. सगळे गेले की. टोपाच्या तळाला जे राहिलं असेल ते शेवटच्या भाकरीनं पुसून. नसेल राहिलं तर नुसता चहा."

वैशालीचा हात थांबला.

"माझी आई," मावशी म्हणाल्या. "लालबागला. जिन्यात अभ्यासाला बसायची ना पोरं, त्यातली एक मी."

"मावशी, मी इतकी वर्षं ह्यावर काम करतेय. तुम्ही कधी बोलला नाहीत."

"विचारलं कोणी?" त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. "बोर्डावर बसणाऱ्या बाईला लोक नंबर विचारतात गं. आणि आता कॉम्प्युटर." त्यांनी बोटं उघडमीट करून पाहिली. मग जरा अवघडून विचारलं, "तुझ्या त्या प्रबंधात आता काही घालता येतं का? की झालं ते बंद?"

"प्रबंध दिला," वैशाली म्हणाली. "पुस्तक करायचंय अजून."

"मग तुला वेळ आहे?"

"आज रजाच आहे."

मावशींनी पाय लांब केले. खिडकीकडे बघत चष्मा पुसला.

"सोमवारी कुळथाची पिठी," त्यांनी सुरुवात केली. "सोमवारी मासे नसायचे म्हणून आईला जरा उसंत असायची. त्या दिवशी ती माझी वेणी घालायची."

आधण उकळून वर येत होतं. मी आवाज न करता गॅस बारीक केला.