सासूबाईंनी झेललेला मुकुट

गुरुवारी हॉटेलात जेवायला दुसरं काहीच नसतं, हे स्त्रातोसला दुपारी कळलं. भोजनगृहाच्या दारावर पाटी होती: आज संध्याकाळी आठ वाजता अंगणात ‘गावचं लग्न’, जेवण तिथेच, पाहुण्यांनी लग्नात भाग घ्यावा.

"भाग घ्यावा म्हणजे काय?" त्याने बायकोला विचारलं.

"म्हणजे बसून कोकरू खायचं आणि टाळ्या वाजवायच्या," फोतिनी म्हणाली.

"अगं, आपण ग्रीक माणसं. ग्रीक लग्नाचं नाटक बघायला इतक्या लांब या कोस बेटावर यायचं? आपल्या व्होलोसमध्ये दर शनिवारी खरं लग्न असतं, तिथंसुद्धा मी जात नाही."

"ठाऊक आहे मला," फोतिनी म्हणाली आणि पेपरातलं कोडं सोडवायला लागली.

स्त्रातोसने चौतीस वर्षं व्होलोस-अथेन्स बस चालवली होती. निवृत्त झाला तरी त्याच्या अंगातली गाडी काही थांबली नव्हती. कुठेही बसला की त्याचा उजवा गुडघा हलायचा, डोळे घड्याळावर असायचे आणि खुर्ची दाराजवळची लागायची. फोतिनीचा स्वभाव याच्या उलट. तिने एकतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं होतं, आणि जो माणूस एकतीस वर्षं ‘आल्फा’ गिरवून घेतो, त्याला घाई म्हणजे काय हे विसरायला होतं. तिची शिकवण्याची एक रीत होती. ती म्हणायची, "पाण्याला घाबरणाऱ्या मुलाला ढकलू नये. त्याचा चेंडू पाण्यात टाकावा."

दोघांचं लग्न १९८४ सालचं, नगरपालिकेत झालेलं, अकरा मिनिटांत. त्यालाही कारण होतं. दोन वर्षं आधी स्त्रातोस भावाच्या लग्नात कुंबारोस होता, म्हणजे नवरा-नवरीच्या डोक्यावरचे मुकुट तीनदा अदलाबदल करण्याचा मान त्याचा होता. ऑगस्टचा उकाडा, चर्चमध्ये धुपाचा धूर, चारशे माणसांचे डोळे त्याच्यावर. दुसऱ्या अदलाबदलीला त्याला भोवळ आली आणि मुकुट हातातून पडले. एक तर घरंगळत पाद्रीबाबांच्या झग्याखाली गेला. भाऊ अजून दर ईस्टरला ते सांगतो आणि पाद्रीबाबांनी झगा कसा उचलला ते करूनही दाखवतो.

म्हणून नगरपालिका. "चर्चमध्ये पुढच्या वर्षी करू," असं त्याने फोतिनीला सांगितलं होतं. पुढच्या वर्षी घर बांधायला काढलं. मग वडील गेले, त्यांचं सुतक. मग मुलगी झाली. मग छप्पर गळायला लागलं. मग म्हणे, या वयात लोक हसतील. फोतिनीच्या आईने मात्र लग्नानंतर मुकुट जपून ठेवायची काचेची पेटी आधीच देऊन टाकली होती. आमच्याकडे ग्रीसमध्ये ती पेटी पलंगाच्या वर भिंतीला लावतात. यांच्याकडेही लावलेली होती, एकोणचाळीस वर्षं, रिकामी. रिकामी म्हणजे अगदीच रिकामी नाही. चांगली वस्तू वाया का घालवायची, म्हणून स्त्रातोस तिच्यात विजेचे फ्यूज ठेवायचा.

जुलैतल्या त्या सकाळी आणखी एक गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली होती. पोहण्याच्या तलावाजवळ फोतिनी एका उंच, गोऱ्या माणसाशी बोलत होती. बोलता बोलता तिने त्याला आपल्या डब्यातली तिळाची बिस्किटं दिली आणि पाय उचलून काहीतरी करून दाखवलं. तो मान डोलावत होता.

"कोण तो?" स्त्रातोसने विचारलं होतं.

"वाउटर. हॉलंडचा. वीस वर्षं या बेटावर येतो, ग्रीक बोलतो थोडं. त्याची बायको हेनी, ती बघ, टोपीवाली."

"पाय कशाला दाखवत होतीस?"

"नाच शिकायचाय त्याला."

संध्याकाळी स्त्रातोसने टेबल निवडलं ते सगळ्यात मागचं, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. त्याचा बेत साधा होता: कोकरू खायचं आणि नाच सुरू व्हायच्या आत मागच्या दाराने निघायचं. अंगणात दिव्यांच्या माळा होत्या, मधे पांढरी चादर घातलेलं टेबल होतं आणि सव्वाशे पाहुणे होते. कार्यक्रम चालवणारी कालिओपी पन्नाशीची, दणकट बाई होती. तिच्या हातातला माईक तिला गरजेचा नव्हता.

"मंडळी," ती म्हणाली, "गावात आज लग्न आहे आणि नवरा-नवरी अजून ठरायचेत. आपापली ताटं उचला. ज्यांच्या ताटाखाली साखरेचे बदाम सापडतील, ते उभे राहा."

फोतिनीने ताट उचललं. खाली जाळीच्या कापडात बांधलेले पाच बदाम होते.

"ठेव खाली. कोणी बघितलं नाही," स्त्रातोस कुजबुजला.

पण फोतिनी उभी राहिली होती. तिकडे तिसऱ्या टेबलावर वाउटरही उभा राहिला, हातात बदाम घेऊन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्त्रातोसचे दोन्ही गुडघे हलायला लागले. त्याने विचार केला की आता इथून निघालेलंच बरं, आणि तो वाकून मागच्या दाराकडे सरकला. नेमकी तेव्हाच दारातून द्रोसुला बाहेर आली. द्रोसुला म्हणजे स्वयंपाकीण. तिच्या हातात कोकराचं ताट होतं आणि तिने आणि ताटाने मिळून दार पूर्ण भरलं होतं.

"ते बघा," माईकमधून आवाज आला. "नवरदेवाच्या आईचा शोध चालू होता, तर सासूबाई पळून चालल्यात. धरा त्यांना."

दोन वाढप्यांनी त्याला सन्मानाने मधे आणलं. डोक्याला काळा रुमाल बांधला, खांद्यावर शाल टाकली आणि टेबलाशेजारच्या खुर्चीत बसवलं. त्याची बायको हॉलंडच्या माणसाशेजारी उभी होती, आणि तो त्या माणसाची आई होता.

"सासूबाई, सून पसंत आहे ना?" कालिओपीने विचारलं.

"मला नऊ वाजता औषध घ्यायचंय," स्त्रातोस म्हणाला.

"सगळ्या सासवा असंच म्हणतात. चला, मुकुट आणा."

ते पांढऱ्या कागदी फुलांचे होते, एका रिबिनीने जोडलेले. एक फोतिनीच्या डोक्यावर गेला, दुसरा वाउटरच्या. कुंबारोसच्या मानासाठी वाउटरच्या बायकोलाच, हेनीला, मागे उभं केलं. कसं करायचं ते कालिओपीने तिला दाखवलं आणि तिने मुकुटांची अदलाबदल केली. एकदा. दोनदा. मग ती टाळ्यांसाठी थांबली.

"तीनदा," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"तीनदा करतात. दोनदा नाही."

"सासूबाई, कोकरू थंड होतंय. आमच्या गावात दोनदाच."

"कोणत्या गावात?" स्त्रातोसने विचारलं. आपण का बोलतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. पण मुकुट दुसऱ्या फेरीवर थांबले होते, एकेचाळीस वर्षांपूर्वी भावाच्या लग्नात थांबले होते तसेच.

कालिओपी पुढे गेली. तिने पोथी उघडल्याचा अभिनय केला आणि खर्जात वाचलं, "आणि पत्नीने पतीचा धाक बाळगावा."

आमच्याकडे ही ओळ आली की सगळी मंडळी नवरीच्या पायाकडे बघतात, कारण इथेच नवरी नवऱ्याच्या पायावर पाय देते आणि घरात कोणाचं चालणार ते ठरून जातं. फोतिनीने पाय उचलला आणि दिला. वाउटर ओरडला. डावा पाय धरून तो असा खाली बसला की त्याच्या डोक्यावरचा मुकुट उडाला आणि रिबिनीच्या टोकाला हवेत गिरकी घेत फरशीकडे निघाला.

स्त्रातोस कसा उठला हे त्याला नंतर कधी आठवलं नाही. शाल एकीकडे, खुर्ची एकीकडे. गुडघे फरशीवर आपटून त्याने दोन्ही हात पुढे केले, आणि मुकुट फरशीपासून वीतभर उंचीवर त्याच्या हातात येऊन बसला.



"हे नाटक आता इथेच थांबवू," कालिओपी म्हणाली. "नवरदेवाचा पाय गेला. काढा मुकुट, वाढा कोकरू."

"कोणी काढणार नाही," मागून आवाज आला. द्रोसुला ताट घेऊन पुढे आली होती. "दोनदाच झालंय. तिसरी बाकी आहे. मुकुट अर्धवट उतरवतात का कुठे?" तिने वळून तीनदा थुंकल्यासारखं केलं. "थू, थू, थू."

"अगं द्रोसुला, कागदाचे आहेत ते."

"अर्धवट तो अर्धवट, कागदाचा का असेना. माझं कोकरू या अंगणात वाढायचंय मला."

वाढप्यांनी हळूच छातीवर क्रूस केला. कालिओपीने नवरदेवाच्या रिकाम्या जागेसाठी त्यांच्यापैकी एकाकडे बघितलं. तो म्हणाला, "मी नाही. माझी होणारी बायको भांडी घासतेय आत, खिडकीतून बघतेय." मग चौथ्या टेबलावरचा एक इंग्रज, वाइनने लाल झालेला, छाती पुढे काढून उठला.

"तू बस खाली," स्त्रातोस म्हणाला. त्या माणसाला ग्रीक येत नव्हतं, पण तो बसला. "ही माझी बायको आहे."

कालिओपीने माईक जवळ आणला. "सासूबाई, ही तुमची सून ना?"

"बायको आहे. एकोणचाळीस वर्षं."

"असं आहे तर. मग मुकुट घालायची तुम्हाला सवय असेल."

स्त्रातोसने हातातल्या मुकुटाकडे बघितलं. रिबिनीच्या दुसऱ्या टोकाला फोतिनी उभी होती. पहिलीच्या वर्गात एखादा मुलगा फळ्यापाशी अडला की ती अशीच उभी राहायची, हात मागे बांधून, आपल्याला भरपूर वेळ आहे अशा चेहऱ्याने.

"नाही घातला कधी," तो म्हणाला. "नगरपालिकेत झालं आमचं."

इतकं बोलून त्याने मुकुट काळ्या रुमालावरच ठेवला आणि बायकोशेजारी जाऊन उभा राहिला.

"हेनीबाई, मागे या," कालिओपी म्हणाली. "तिसरी करून टाका."

"पहिल्यापासून," स्त्रातोस म्हणाला. "तीनही."

त्याने स्वतः मोठ्याने मोजलं. एक. दोन. दुसऱ्याला त्याने डोळे मिटले. तीन. काहीही पडलं नाही. कालिओपीने पुन्हा ती ओळ वाचली आणि फोतिनीने पाय दिला, या वेळी उजव्या अंगठ्यावर, सगळं वजन टाकून. स्त्रातोसच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या. मग दोघांनी टेबलाभोवती तीन फेऱ्या घेतल्या, सव्वाशे माणसांनी तांदूळ मारले आणि त्या इंग्रजाने सगळ्यात जोरात मारले. कोणी हसलं का? हसले ना, सगळेच हसले. पण स्त्रातोसचं त्याकडे लक्ष नव्हतं, कारण मुकुट रुमालावरून घसरत होता आणि तो एका हाताने सावरत होता.

"मग चर्चमध्ये कधी?" कालिओपीने माईक त्याच्या तोंडासमोर धरला.

त्याच्या कॉलरमध्ये तांदूळ होते, अंगठा ठणकत होता आणि सगळं अंगण उत्तराची वाट बघत होतं.

"सप्टेंबरमध्ये," तो म्हणाला.

आता, चौतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाची एक अडचण असते. गाडीची वेळ एकदा माईकवरून जाहीर केली की गाडी सोडावीच लागते. अंगण आनंदाने ओरडलं आणि द्रोसुलाने कोकरू वाढलं.

सकाळी न्याहारीला स्त्रातोस एका पायात बूट आणि एका पायात सपात घालून गच्चीवर आला. अंगठा वांग्यासारखा झाला होता. फोतिनी अंडं सोलत होती. खाली समुद्राकाठी माणसं फिरत होती.

"तुझ्या त्या वाउटरला बघून यायला हवं," तो म्हणाला. "बिचारा अंथरुणात असेल. माझी ही गत, मग त्याची..."

तो मधेच थांबला. वाळूवरून एक उंच, गोरा माणूस पळत येत होता. चांगला जोरात पळत होता. वाटेत होडीचा दोर आला, तो त्याने उडी मारून ओलांडला. मग त्याने वर गच्चीकडे बघितलं, स्त्रातोसला बघितलं, आणि जागच्या जागी लंगडायला लागला. दोन पावलं लंगडून त्याने हात हलवला.

"पाय फार दुखतो," तो खालून ओरडला. "फार वाईट."

तो उजव्या पायाने लंगडत होता.

स्त्रातोसने त्याच्या पायाकडे बघितलं. मग बायकोकडे. फोतिनीने अंड्याचं शेवटचं टरफल काढलं आणि अंडं नवऱ्याच्या ताटलीत ठेवलं.

"डावा सांगितला होता मी त्याला," ती म्हणाली. "एकतीस वर्षं डावा-उजवा शिकवला. तरी एखादा राहतोच."

"आणि ते बदाम?"

"कालिओपीची नात यंदा पहिलीत जातेय. अक्षरं कशी गिरवून घ्यायची, ते विचारत होती ती."

मग त्याने अंड्यावर मीठ घातलं आणि ते खाल्लं. त्याचा गुडघा हलत नव्हता, हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नाही.

"माझे फ्यूज," तो थोड्या वेळाने म्हणाला. "ते कुठे ठेवायचे आता?"

"स्वयंपाकघरात, मधल्या खणात," फोतिनी म्हणाली. "एप्रिलमध्येच जागा करून ठेवलीय."