शून्य नंबरचे व्याही

"आजपासून या घरात बेसिक बंद! पायथन सुरू!"

दिनानाथांनी किहीमच्या आपल्या ओटीवरून ही घोषणा अशा थाटात केली, की शेजारची कोंबडी अंड्यांवरून उठली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. कुणाला कुठली खोली, हे ठरवणारा प्रोग्रामही त्यांनी स्वतःच बेसिक या संगणकाच्या जुन्या भाषेत लिहिला होता. तो बिचारा इतकी वर्षं बिनतक्रार चालला. हाच त्याचा गुन्हा!

"पायथन म्हणजे अजगर ना?" कमळताईंनी आतून विचारलं.

"नुसतं नाव आहे ते, नव्या भाषेचं!"

"शनिवारी कल्पिताचे होणारे सासू-सासरे यायचेत. सुपारी फुटू दे, मग पाळा काय ते."

पण दिनानाथांना घाई होती ती त्यासाठीच. व्याही धर्माजी म्हणजे उरणचे ट्रेलरमालक! त्यांच्या मोबाइलवर खोलीचा निरोप आपोआप गेला पाहिजे, म्हणजे कशी छाप पडते!

मग आठवडाभर ते प्रोग्राम लिहायच्या नव्या एडिटरशी भांडत बसले. बेसिकच्या जुन्या निळ्या पडद्यानं कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. हा मेला अर्ध्या शब्दावरच पुढचा शब्द सुचवायचा, ओळ जरा आत सरकली नाही की अडून बसायचा आणि वर लाल रेघ मारायचा!

"मी धरणांचे हिशेब केलेत, गाढवा!" दिनानाथ पडद्यावर ओरडत. रेघ जागच्या जागी!

शुक्रवारी शेवटची रेघ गेली. त्यांनी संगणकापुढे पेढा ठेवला आणि स्वतःच खाल्ला.

शनिवारी नवरा-बायको कल्पिताला घेऊन अलिबागला पापलेट आणायला गेली. परत येतात तो अंगणात धर्माजी! केसांत नारळाच्या शेंड्या, डोळ्यांत अंगार. मागे मनुबाई पिशवी कवटाळून उभ्या.

"ह्यो काय मानपान, दिनानाथराव? निरोप आला, 'आपली खोली: कोठार. मुक्काम सुखाचा होवो!' आमी दोघं कवाधरनं नारलांवर बसलोय! वरनं उंदीर बगतोय!"

दिनानाथ संगणकाकडे धावले. यादीत चार खोल्या आणि पाचवं कोठार. बेसिकमध्ये त्यांनी सगळं एकपासून मोजलं होतं, ही नवी बया शून्यापासून मोजत होती! एकचे पाहुणे दोनमध्ये, दोनचे तीनमध्ये, तीनचे व्याह्यांसाठी राखलेल्या एसी खोलीत घोरत पडलेले; आणि चारचे व्याही थेट कोठारात!

"एकसुद्धा लाल रेघ नव्हती हो!" ते बाहेर येऊन कळवळले. "नवी भाषा शून्यापासून मोजते, म्हणून तुम्ही..."

"आमी शून्य?"

"छे छे! शून्य म्हणजे पहिला! तुम्ही चौथे, म्हणून पाचवे..."

"मनू, उचल पिशवी! ह्ये लगीन..."

कल्पिता पांढरीफटक पडली. कमळताईंनी पापलेटची पिशवीच दोघांच्या मधे धरली.

"अहो, तुम्ही तोंड मिटा! एक नंबर रिकामी राहिली ना? मग उघडा ती! भाऊ, तुम्ही हात-पाय धुवा. तव्यावर टाकतेच."

जेवणं झाली. धर्माजींनी ढेकर दिला.

"लगीन व्हईल," ते म्हणाले. "पन माजी येक मागनी हाय."

दिनानाथांनी हात जोडले. "बोला."

"सप्तपदीची पावलं तुमी मोजू नका. पोरगा माजा सहावर अडकंल."