रविवारचा सत्यनारायण

रविवारी संध्याकाळी पाच वाजता उल्काताईंचा मुलगा ख्रिस्ती झाला. फोनमधल्या नकाशावर तरी तसंच दिसत होतं. आलोकच्या नावाचा निळा ठिपका अमेरिकेतल्या एका चर्चवर जाऊन बसला होता आणि दोन तास हलला नव्हता. सलग तिसरा रविवार.

कुवेतमधल्या अबू हलीफाच्या त्यांच्या इमारतीत ही बातमी उल्काताईंनी फक्त खालच्या मजल्यावरच्या मुनिराला सांगितली, तीही गळ्याची शपथ घालून. मुनिराने ती फक्त नवऱ्याला सांगितली आणि तिचे गफूरभाई कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, दूध आणायला गेले. मंगळवारी रुमैथियात राहणाऱ्या परीक्षितरावांचा फोन आला.

"वहिनी, काहीबाही कानावर आलंय. आमची अक्षरा बघा, तीही त्याच गावात आहे. पण रविवारी तिथल्या सकाळी फोनसुद्धा उचलत नाही. सत्संग असतो तिचा."

उल्काताईंना अक्षरा सून म्हणून हवी होती. दोन वर्षं खपून हेरलेलं स्थळ होतं हे. मुलांना अजून पत्ता नव्हता. आधी मोठ्यांचं जुळायला हवं होतं.

"येत्या रविवारी पाचला याच तुम्ही," त्या म्हणाल्या. "सत्यनारायण आहे. आलोक व्हिडिओवरून पूजेला बसणार आहे."

"रविवारी?" बँकेतून दमून आलेले त्यांचे यजमान अरुणकुमार ओरडले. "अगं, कुवेतमध्ये देवसुद्धा शुक्रवारी येतो! कामाच्या दिवशी कोण येणार?"

"चर्चच्या वेळेला पोरगा पूजेत दिसला म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद होतील."

रविवारी झाडून सगळे आले. असला तमाशा कोण सोडतो? परीक्षितराव ऑफिसात पोटदुखी सांगून आले. गुरुजी एरवी एसी इंजिनिअर. सोवळं नेसले, पण गळ्यातलं कंपनीचं कार्ड काढायला विसरले. पाच वाजता फोन टीव्हीला जोडला गेला आणि पडद्यावर आलोक उगवला. त्याच्यामागे लांब बाकं, रंगीत काचा आणि टाळ्या वाजवत गाणारे पन्नासेक अमेरिकन.

"आई, नमस्कार केला बघ. पटकन आटप हं, आज चहाची ड्यूटी माझी आहे."

"हे चर्च आहे!" परीक्षितराव उठले.

"होतं, अंकल. माणसंच येईनात म्हणून बंद पडलं. आता हॉल आमच्या मंडळाला भाड्याने मिळतो. आमच्यात कुणीच देव मानत नाही."

"अरे मेल्या!" उल्काताईंनी कपाळावर हात मारला. "त्यापेक्षा ख्रिस्ती झाला असतास! एक तरी देव असता!"

"मग दर रविवारी जमता कशाला?" अरुणकुमारांनी विचारलं.

"गातो, खातो, गप्पा मारतो. बाबा, इथे शेजाऱ्याचं नावसुद्धा माहीत नसतं. आठवड्यातून एकदा कुणीतरी विचारतं, कसा आहेस म्हणून."

अरुणकुमारांनी खोलीभर नजर फिरवली. गुरुजींची पोथी चालू होती. सोफ्यावर इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाची चर्चा रंगली होती, बायका शाळेच्या बसला शिव्या घालत होत्या आणि गफूरभाई शिऱ्याच्या पातेल्याजवळची जागा सोडायला तयार नव्हते.

"म्हणजे आपल्यासारखंच की," ते पुटपुटले.

"नास्तिकाच्या घरात मी मुलगी देणार नाही!" परीक्षितराव दारात चपला शोधू लागले.

तेवढ्यात टीव्हीतून खणखणीत मराठी ऐकू आलं. "आलोक, केक तू कापतोस की मी?"

परीक्षितरावांचा एक पाय चपलेत तसाच राहिला. "अक्षरा?"

पडद्यावरची मुलगी सुरीसकट थिजली. "बाबा? तुम्ही आज ऑफिसला नाही गेलात?"

गुरुजींची पोथी थांबली. मग परीक्षितरावांनी चपलेतून पाय काढला आणि ते मुकाट्याने चौरंगासमोर येऊन बसले.

"चालू द्या गुरुजी," ते म्हणाले. "कथा अर्धवट सोडू नये."

उल्काताईंनी टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र मात्र राहू दिलं. पोरं एकाच बाकावर बसून एकाच बशीतला केक खात होती.

"जमलं काय गो?" मुनिराने कानाशी येऊन विचारलं.

उल्काताईंनी चौरंगाकडे बघून हात जोडले. "पावला बाई सत्यनारायण!"